रात्री वावरात किती आले?

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता आहे. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा, पाणघोडा आणि खालच्या ओळीत एक कांगारू. कारंजा तालुक्यातल्या लेकराला यातला एकही प्राणी जन्मात आपल्या रानात दिसायचा नाही. तरी ती ओळखतात, मोबाइलवर पाहिलेले असतात. माझी अडचण वेगळी होती. तक्त्यावर प्रत्येक प्राणी एकच. एक सिंह, एक हत्ती, एक जिराफ. त्यात मोजायचं काय?

आकडे म्हणणं आणि मोजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अंगणवाडीत काही दिवस काढले की कळतं. चार वर्षांचं पोरगं एक ते वीस धडाधड म्हणून दाखवतं. घरी पाहुण्यांसमोर म्हणून घेतलेलं असतं. त्याच्यापुढे सात चिंचोके मांडा. तोंड एका वेगानं चालतं, बोट दुसऱ्याच वेगानं. एका चिंचोक्यावर दोन आकडे जातात, पुढचा चिंचोका तसाच राहतो, आणि शेवटी उत्तर येतं अकरा. पुन्हा विचारलं, ‘मग किती आहेत?’ तर ते पुन्हा एकपासून सुरू करतं. शेवटचा आकडा म्हणजेच उत्तर, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. प्रशिक्षणात सांगतात की संख्येच्या आधी वर्गीकरण घ्या, जोड्या लावा, लहानमोठं ओळखू द्या. ते खरंच आहे. पण लेकराला मोजावंसं का वाटावं, हे कोणी सांगत नाही.

आमच्या गावाला त्याचं कारण रोज रात्री वावरात येतं.

कारंजा-सोहोळ अभयारण्य इथून लांब नाही. काळविटांसाठी २००० साली ते झालं, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं. घनदाट जंगल मनात आणू नका, मोकळं गवताळ माळरान आहे. काळविटाला आणि रोह्याला, म्हणजे नीलगाईला, हद्द कुठं संपते ते कळत नाही, आणि सोयाबीन गवतापेक्षा गोड लागतं हे मात्र बरोबर कळतं. रानडुकरं तर अभयारण्याचीही वाट पाहत नाहीत, नाल्याच्या काठच्या झुडपांत राहतात. पेरणीपासून हरभरा निघेपर्यंत घरटी एक माणूस जागलीला असतो. सकाळी तो घरी आला की चुलीपाशी पहिला प्रश्न होतो, ‘किती आले होते?’ उत्तर लेकरं ऐकतात. म्हणून हाच प्रश्न मी अंगणवाडीत आणला. प्रार्थना झाली की गोल बसायचं आणि एकेकानं सांगायचं, रात्री वावरात कोण आलं आणि किती.

सुरुवातीला सगळ्यांकडेच ‘लय’ आले होते. एकाकडे शंभर. त्याच्या शेजारच्यानं लगेच दोनशे केले. मी चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवला आणि म्हटलं, जेवढे आले तेवढे मांडा. शंभरवाल्यानं मूठभर मांडले आणि थांबला. मग त्यातले निम्मे परत डब्यात टाकले. हळूहळू लेकरं बापाला घरून विचारून येऊ लागली. ‘बाई, पाच रोही. एक लाहान व्हता.’ असं नेमकं उत्तर मिळालं की चार मोठे चिंचोके, एक बारका. वर्गीकरण आपोआप झालं, पाचाची फोडही झाली.

ओळखण्याचं कामही तिथंच सुरू झालं. आमच्या लेकरांना रोही आणि काळवीट वेगळे सांगता येतात, शहरातल्या मोठ्या माणसांना सांगता येत नाहीत. गुंता होतो तो नरमादीचा. काळविटाचा नर पाठीवर काळा, पोटाला पांढरा, शिंगं पीळदार. मादी बदामी रंगाची, बिनशिंगांची. रोह्याचा नर निळसर राखाडी, शिंगं आखूड, मादी तपकिरी. म्हणजे रंग पाहून वेगळं काढायला सांगितलं तर लेकरं दोन प्राण्यांचे चार गट करतात. त्यांचं काही चुकत नाही, डोळ्यांना चारच दिसतात. तेव्हा मी चित्रं कापून दिली आणि म्हटलं, हे घर कोणाचं, आई कोण, बाप कोण, लेकरू कोणतं, ते लावा. मग कळप जमले. पुढे शिंगं मोजली. तीन काळवीट नर, शिंगं किती? दोन माद्या मिळाल्या, आता किती? तेवढीच! ‘तेवढीच’ हे उत्तर मिळाल्यावर वर्गात जो गलका होतो, तो दहापर्यंत पाढा पाठ करून होत नाही. सगळ्यांची आवड मात्र चौसिंग्यावर बसली. चार शिंगांचा रानटी प्राणी जगात हा एकच, आणि तो आपल्या शेजारच्या काटेपूर्णा अभयारण्यात आहे, हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, ‘दोन कोनाचे घेतले त्यानं?’

पावसाळ्याची उघडीप असली की आम्ही नाल्यापर्यंत जातो. मदतनीस मावशी मागं, मी पुढं. चिखलात खुरांचे ठसे असतात, मधून चिरलेले. एकदा पाच वर्षांच्या पोरानं एका ओळीतले ठसे मोजून जाहीर केलं, ‘बारा रोही गेले.’ बाकीचे मान डोलावत होते. तांड्यावरून येणारी एक मुलगी, एरवी फारशी बोलत नाही, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली असल्यानं मराठी तिला अजून तोलून वापरावी लागते. ती खाली बसली. चार ठशांभोवती काडीनं गोल काढला. पुढच्या चारांभोवती दुसरा, मग तिसरा. आणि म्हणाली, ‘पाय हायेत हे.’ एवढंच. बारा पाय, तीन जनावरं. खरं तर एकच रोही पुढे चालत गेला तरी बारा ठसे पडतात, पण ते मी त्या दिवशी काढलं नाही. चार-चारचे गोल पुरेसे होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या शिंपले, पानं, दगडगोटे यांच्या जोरावर. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती पुढे, २ ऑक्टोबर १९७५ला. हे सांगते, कारण परिसरातून शिकवा हे परिपत्रक आलं की आमच्यातल्या काही जणी नवीन फॅड म्हणून नाक मुरडतात. नवीन त्यात काही नाही. नवीन आहे ते मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं, आणि त्यात जो वेळ जातो तो लेकरांच्याच वाट्याचा असतो.

पालकांचं म्हणणं वेगळं. ‘बाई, रोही-डुकरं त आमी रोज पायतो. पोराले एबीसीडी शिकवा.’ पिवळी गाडी गावात येते, ज्यांना परवडतं ती मुलं तालुक्याच्या नर्सरीत जातात आणि टायगर-लायन म्हणत परत येतात. मी वाद घालत नाही. इंग्रजी नावंही सांगते. पण एका आजोबांनी मला गप्पच केलं होतं. त्यांच्या वावरातली तूर डुकरांनी दोनदा उलथली होती. ते म्हणाले, ‘तुमी त्याचं चित्र रंगवून घेता, आमाले त्यानं रडवलं.’ त्यांचा नातू डुकराचं चित्र रंगवायला तयार नसायचा. मी आग्रह केला नाही. प्राण्यांवर प्रेम करा असा धडा मी या गावात देऊ शकत नाही. कोण आलं, किती आले, काय खाऊन गेले, एवढं सरळ बोलता येतं, आणि पाच वर्षांच्या वयाला ते भरपूर आहे.

उन्हाळ्यात एक वनरक्षक अंगणवाडीत येऊन गेले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी कसे मोजतात ते त्यांनी सांगितलं. चांदणं असतं, पाणी कमी असतं, म्हणून जनावर पाण्यावर येतंच. ते कागदावर उभ्या रेघा ओढतात, चार झाल्या की पाचवी आडवी. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. लिहिता न येणाऱ्या लेकरांना हे फार मानवलं. पुढचे कित्येक दिवस दारावर, ओट्यावर, मावशीच्या पिठाच्या डब्यावर खडूच्या रेघा होत्या. आता हजेरीही आम्ही तशीच घेतो, आलेल्यानं स्वतःची रेघ ओढायची. पाचाच्या जुड्या मोजायला सोप्या जातात. वनरक्षक निघताना चिरलेल्या ठशांना ‘पाय हायेत’ म्हणणाऱ्या त्या मुलीनंच विचारलं, ‘तोच परत पानी प्याले आला त?’ ते हसले. म्हणाले, वेळ लिहितो, शिंगं पाहतो, तरी थोडा घोळ राहतोच.

सध्या लेकरांचा आवडता खेळ पंचनाम्याचा आहे. पीक खाल्लं की भरपाईसाठी वनविभागाचा माणूस वावरात येतो, कोणत्या जनावरानं किती नुकसान केलं ते लिहून नेतो, हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं. एक जण साहेब होतो, हातात वही आणि पेन्सिलीचा तुकडा. दोघं-तिघं रोही होऊन चटईवरची पानं विस्कटून पळतात. साहेब विचारतो, ‘किती व्हते?’ शेतकरी सांगतो सात. साहेब पळालेल्यांना हाक मारून ओळीत उभं करतो, मोजतो, तीनच भरतात. मग भांडण. भरपाई चिंचोक्यांत मिळते, एका रोह्यामागं दोन. परवा तीन रोह्यांचे आठ चिंचोके दिले म्हणून साहेबालाच सगळ्यांनी घेरलं होतं, आणि आतून मावशी खिचडीसाठी हाका मारत होत्या तरी कोणी जागचं हललं नाही; आधी दोन परत घ्या, हा हिशेब मिटायचा होता.