गतविजेता

मराठी क्रीडापत्रकारितेने रुळविलेल्या शब्दांपैकी ‘गतविजेता’ हा शब्द आम्हा दोघांना फार दिवसांपासून आवडतो. इंग्रजी वार्ताहर त्याच खेळाडूला किताबाचा रक्षणकर्ता म्हणतो. जणू हा मनुष्य गडाच्या दारात भाला रोवून उभा आहे आणि उरलेले एकशे सत्तावीस जण खंदक ओलांडून येत आहेत. मराठी शब्द एवढे नाटक करीत नाही. जिंकला होता, ते वर्ष गेले, एवढेच तो सांगतो.

रक्षणाची ती कल्पना विम्बल्डनमध्ये एके काळी अक्षरशः खरी होती. १९२१ पर्यंत आदल्या वर्षीचा विजेता तेथे आधीच्या फेऱ्या खेळतच नसे. इतरांनी आपसांत झुंजून एक आव्हानवीर निवडायचा आणि विजेत्याने त्या एकाशी एकच सामना खेळायचा. विल्यम रेनशॉची १८८१ ते १८८६ ही सलग सहा विजेतेपदे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते; पहिले सोडता बाकीची पाच त्याने वर्षाकाठी एकेका सामन्यात राखली. १९२२ मध्ये ही सोय गेली आणि विजेताही पहिल्या फेरीच्या रांगेत येऊन उभा राहिला.

त्या रांगेचा अर्थ आम्हांस २००३ च्या जूनमध्ये कळला. एम. ए. चे दिवस होते. वसतिगृहातल्या दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही बसलो होतो. सेंटर कोर्टावरचा पहिला सामना गतविजेत्याने खेळायचा हा तिथला रिवाज. त्यानुसार लेटन ह्युइट कोऱ्या हिरवळीवर उतरला. समोर पात्रता फेरीतून आलेला, क्रमवारीत २०३ वा, २११ सेंटिमीटर उंचीचा इव्हो कार्लोविच. ह्युइटने पहिला सेट ६-१ असा घेतला तेव्हा आमच्यातला एक जण चहाला उठून गेला. तो परतेतो सारे पालटू लागले होते. पुढचे तिन्ही सेट कार्लोविचचे. पुरुषांचा गतविजेता तेथे पहिल्याच फेरीत गारद होण्याची ही १९६७ च्या मानुएल सान्तानानंतरची पहिलीच वेळ. चहाला गेलेला अजून ते ऐकून घेतो.

पण खरा काच गुणांचा. क्रमवारीतले गुण बावन्न आठवडे टिकतात. विम्बल्डन जिंकणाऱ्याला दोन हजार गुण मिळतात. वर्ष सरले की ते जातात. पुन्हा सातही सामने जिंकले तर दोन हजार येतात. वजाबाकी-बेरीज करता हाती शून्य! पहिल्या फेरीत हरला तर मात्र दहा गुण येतात आणि दोन हजार जातात. २०२२ मध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, म्हणून व्यावसायिक संघटनेने त्या वर्षीच्या स्पर्धेचे गुणच काढून घेतले. नोव्हाक जोकोविचने अंतिम सामन्यात निक किर्गिऑसला हरवून विजेतेपद राखले, करंडक उंचावला, आणि दुसऱ्या दिवशी तो क्रमवारीत तिसऱ्यावरून सातव्या स्थानावर घसरला. जिंकूनही आदल्या वर्षीचे गुण वजा झाले, नवे आलेच नाहीत.

ती बातमी आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखविली, आणि दोघेही जरा गप्प झालो. आमच्यातला एक जण कायम सेवेत आहे. दुसरा तेव्हा तासिका तत्त्वावर होता. दर जूनमध्ये जाहिरात, नवा अर्ज, त्याच प्रमाणपत्रांच्या त्याच छायाप्रती, आणि तीच मुलाखत. “आपला परिचय?” हा पहिला प्रश्न. गेल्या वर्षी याच वर्गावर भाषाविज्ञान शिकविले, हे सांगून काही जमेस धरले जात नसे. उत्तम शिकविले तर पदरात काय? पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करण्याची मुभा. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि एवढेच म्हटले, “याला निदान करंडक तरी मिळाला.”

आमच्या पुण्याच्या बालेवाडीतही काही वर्षे ही व्यावसायिक स्पर्धा होत असे. चेन्नईहून ती २०१८ मध्ये इकडे आली. पहिला विजेता जिल सिमोन. २०१९ मध्ये उपांत्य फेरीत त्याला केव्हिन अँडरसनने हरविले. अंतिम फेरीत अँडरसनसमोर होता तोच कार्लोविच, आता एकोणचाळीस वर्षांचा. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि म्हातारा थोडक्यात हरला. (म्हातारा हा शब्द आम्ही आता जपून वापरतो.) पुण्यात पाच वेळा स्पर्धा झाली, पाचही वेळा विजेता नवा. विजेतेपद कोणालाच राखता आले नाही. २०२३ मध्ये टॅलन ग्रीक्सपूर जिंकला आणि त्यानंतर स्पर्धाच पुण्यातून गेली. विजेतेपद राखायला त्याला येथे येण्याचे कारण उरले नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आमच्यातल्या दुसऱ्याने नेहमीप्रमाणे छायाप्रती काढून ठेवल्या होत्या. त्याच्या विषयाची जाहिरात निघालीच नाही. ते पाकीट अजून विभागातल्या कपाटात आहे.