परसातला हुरडा

पौष लागला की वेरुळात थंडी अंगात शिरते आणि मन हुरड्याकडे धावतं. लेणी पाहायला आलेली मंडळी हल्ली शेतातल्या हुरडा पार्टीला माणशी पैसे मोजतात. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, याचा मला आनंदच आहे. पण घरचा हुरडा जवळपास फुकटात होतो, हेही सांगायलाच हवं.

परसात वीतभर खोल खड्डा घ्यायचा, ती आगटी. गोवऱ्या पेटवायच्या आणि धूर सरेपर्यंत दम धरायचा. जाळ नको, आर हवा. मग ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. दाणा हिरवा, नखाने दाबला तर दूध येईल असा. फार कोवळा असला तर चोळताना चेंदतो, निबर झाला तर चावत नाही. गूळभेंडी जातीची ज्वारी मिळाली तर भाग्यच; दाणा गोड आणि सुटतोही पटकन. कणीस फिरवत भाजायचं, राख झटकायची, गरम असतानाच तळहातांवर चोळायचं. हात पोळतात, पोळू द्यावेत. गार कणीस दाणा धरून बसतं.

सोबत जवसाची चटणी, गुळाचा खडा. उरलेल्या आरात वांगं पुरलं की रात्रीच्या भरताचीही सोय.

काळजी आहे ती ज्वारीची. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, पण आमच्याकडची रानं कापूस-मक्याने भरलेली. थोरल्या भावाला मी बजावून ठेवलंय, दादा, यंदा बांधालगत गूळभेंडीच्या चार ओळी पेरायच्याच.