शाळा उघडली, पण बाक भरले का?

दरवर्षी जून महिना लागला की आमच्या वस्तीतल्या घराघरांतून दप्तरे बाहेर निघतात. मागच्या वर्षीचे दप्तर धुऊन-शिवून चालेल का, थोरल्याचा गणवेश धाकट्याला येईल का, वह्या गुलमंडीवर स्वस्त पडतील की पैठण गेटला, अशी बोलणी ओट्याओट्यावर चालतात. ही बोलणी ऐकली की आम्हा दोघांना 2020 चा जून आठवतो. त्या जूनमध्ये आमच्या शहरात शाळेची घंटा वाजलीच नाही. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा आमची थोरली आठवीत होती आणि धाकटा पहिलीत. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. त्यात आम्ही दोघे, दोन लेकरे आणि आई. आमच्यापैकी एक वाळूजच्या कंपनीत रोजंदारीवर, तर दुसरी चार घरची धुणीभांडी करणारी. कंपनी बंद झाली आणि त्या चार घरांनीही येऊ नका म्हणून निरोप दिला. घरात मोठ्या पडद्याचा मोबाईल एकच. पुढे कंपनी सुरू झाली तेव्हा तो पहिल्या पाळीला वाळूजला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. म्हणजे शिक्षक सकाळी अकराला गणित शिकवीत आणि आमच्या पोरीपर्यंत ते गणित संध्याकाळी सहाला पोचे. तेही रिचार्ज असले तर!

जुलै 2020 मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या लेकरांसाठी ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू झाली. धाकटा ती पाहायचा. शेजारची तीन-चार लेकरेही दारात बसून पाहायची. आम्ही त्या मालिकेचे ऋण मानतो. पण टीव्ही लेकराची वही तपासत नाही आणि ‘तू काल का आला नाहीस?’ असे विचारतही नाही.

आपल्या समाजाने त्या वर्षी शिस्त पाळली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. 14 एप्रिल 2020 ची बाबासाहेबांची जयंती आपण घरातच साजरी केली. मिरवणूक नाही, ढोल नाही. प्रतिमेला हार घातला, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटले. 6 डिसेंबरला चैत्यभूमीलाही आपण गेलो नाही. जीव वाचला तर समाज वाचेल, हे आपल्याला कुणी काठी घेऊन शिकवावे लागले नाही. म्हणून शाळा उघडण्याची मागणी आम्ही करू लागलो तेव्हा ‘या लोकांना रोगाची भीती नाही’ असे कुणी म्हटले की आम्हाला वाईट वाटायचे. भीती होती. पण लेकरू शाळेबाहेर पडण्याचीही भीती होती, आणि ती आमच्या घरात जास्त जुनी होती.

23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला सरकारने परवानगी दिली. शेवटचा निर्णय त्या त्या ठिकाणच्या प्रशासनाने घ्यायचा होता. आपल्या महापालिकेच्या हद्दीत तो पुढे ढकलला गेला आणि जानेवारी 2021 उजाडला. शिक्षकांची आरटी-पीसीआर तपासणी, एका बाकावर एकच विद्यार्थी, निम्मी मुले एक दिवस आणि निम्मी दुसऱ्या दिवशी, तोंडाला मास्क, आणि पालकांचे लेखी संमतिपत्र असे नियम आले. हजेरीची सक्ती नव्हती.

ते संमतिपत्र थोरलीने घरी आणले त्या रात्री आम्ही दोघांनी पेन हातात घेतले आणि ठेवून दिले. पोरीची काळजी होतीच, पण जास्त काळजी आईची होती. आईचे वय झालेले, त्यात साखरेचा आजार. आमच्या घरात वेगळी खोली कुठली? पोरीने शाळेतून रोग आणला तर तो आईच्याच अंथरुणाशी येणार. बंगल्यातल्या आईबापाने सही करणे आणि पत्र्याच्या घरातल्या आईबापाने सही करणे, यात हा फरक असतो.

आईने विचारले, “काय लिवलंय त्या कागदावर?”

आम्ही वाचून दाखवले. एका बाकावर एकच, सहा फुटांचे अंतर, पाण्याची बाटली आपापली, डबा कुणाला द्यायचा नाही.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आमाला बी असंच बसवत होते. गावच्या साळंत आमी ओसरीवर, बाकीचे आत. पाणी वरून वतायचे. म्या दोन वर्सं गेले अन् सोडून दिली.”

आमच्या अंगावर काटा आला. ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द त्या वर्षी दिवसातून शंभर वेळा कानावर पडत होता. तो ऐकताना आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवत असेल, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसत आणि ते गोणपाट रोज घरी घेऊन जात, हे आपण भाषणातून ऐकतो. आमच्या आईच्या अंगावरून ते गेलेले होते.

थोरली मात्र आजीजवळ सरकून बसली. म्हणाली, “आजी, तुला एकटीला वेगळं बसवलं होतं. इथे सगळ्यांनाच बसवणार आहेत, बामणाच्या पोरीलासुद्धा. आणि साथ गेली की परत जवळ बसवणार.”

आई हसली. “मग कर सही,” ती आम्हाला म्हणाली. “माझ्यापायी पोरीची साळा नको बुडाया. म्या पडवीत झोपंन.”

आम्ही सही केली. त्या वाक्यात पोरीने जो भेद सांगितला, तो आम्ही नंतर पुष्कळांना सांगितला. अंतर सगळ्यांना सारखे असले, त्याचे कारण रोग असला आणि ते संपण्याची वेळ ठरलेली असली, तर ती काळजी. एकालाच वेगळे बसवले आणि त्याला शेवटच नसला, तर तो अन्याय.

काळजी कशी घ्यायची, हे आम्ही विहारात बसून ठरवले. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतले दहा-बारा आईबाप अंतर ठेवून बसलो. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी सुती कापडाचे दुहेरी मास्क शिवले, प्रत्येक लेकराला दोन. एक तोंडाला, एक धुऊन वाळत. ज्या घरात कुणाला ताप-खोकला, त्या घरचे लेकरू शाळेत जाणार नाही, आणि त्या दिवशीचा अभ्यास मैत्रिणीने दारातून सांगायचा. दोघे पालक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले आणि तीनच गोष्टी विचारल्या: खिडक्या उघडतात का, नळाला पाणी आहे का, संडास साफ होतो का. हा रोग श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. दारात तापमान मोजण्याचे यंत्र लावले आणि वर्गाच्या खिडक्या मात्र गंजून बसलेल्या असल्या, तर त्या यंत्राचा उपयोग किती? आमच्यातल्या एका फिटरने दोन सुट्टीच्या दिवसांत तिथल्या खिडक्यांच्या कड्या मोकळ्या करून दिल्या.

27 जानेवारी 2021 पासून राज्यात पाचवी ते आठवीलाही परवानगी मिळाली. तेवढ्यात दुसरी लाट आली. आमच्या शहरात मार्चपासून पुन्हा बंधने लागली, शाळा बंद झाल्या. घाटी दवाखान्याच्या दारात त्या दिवसांत काय पाहिले, ते इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीतून दोन माणसे गेली. आई वाचली. शाळा पुन्हा बंद केल्या तेव्हा आम्ही तक्रार केली नाही, कारण तेव्हा बंद ठेवणेच योग्य होते. सुरक्षितपणे शाळा उघडायची तर रोग वाढला की ती बंद करण्याची तयारीही ठेवावी लागते.

मग 4 ऑक्टोबर 2021 ला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले. थोरली आता दहावीत होती. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, “आई, माझ्या शेजारची नाही आली.”

ती पोर मागच्या गल्लीतली, अभ्यासात आमच्या पोरीपेक्षा हुशार. दुसऱ्या लाटेत बापाचे काम गेले म्हणून घर गावी गेले होते. उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले होते. सोळावे सरले नव्हते.

बंधूभगिनींनो, ही गोष्ट आम्ही कबुली म्हणून सांगत आहोत. विहारात बसून आम्ही मास्क मोजले, बाटल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या. पण वर्गातली कोणती लेकरे दिसेनाशी झाली, हे आम्ही मोजले नाही. तिचे घर कुलूपबंद दिसत होते. एक फोन केला असता, गावी कुणाला पाठवले असते, तर कदाचित ते लग्न थांबले असते. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आम्हाला त्यानंतर कळला.

बुद्धांच्या चरित्रातली एक गोष्ट विहारात आपण ऐकतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला उचलले, धुतले, स्वच्छ अंथरुणावर निजवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याच्याकडे कुणी का पाहिले नाही? ते म्हणाले, तो आमच्या काही कामाचा नव्हता. तेव्हा तथागतांनी समजावले, की इथे तुम्हाला आईबाप नाहीत, एकमेकांकडे तुम्ही पाहणार नाही तर कोण पाहणार? त्या पोरीच्या बाबतीत आम्हीही त्या भिक्खूंसारखेच वागलो, असे आम्हाला वाटत राहते.

आमच्या सावित्रीमाईंनी तसे केले नाही. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतले एक आजारी लेकरू त्यांनी स्वतःच्या पाठीवरून आणले. त्यांना त्यातच लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ज्या बाईने 1848 पासून मुलींना शाळेत आणले, तिने साथीच्या दिवसांत आजारी लेकरालाही वाऱ्यावर सोडले नाही.

ती चूक आम्ही पुढे होऊ दिली नाही. ऑक्टोबरच्या त्याच आठवड्यात वस्तीतल्या शाळेच्या वयाच्या सगळ्या लेकरांची यादी केली. नाव, वर्ग, शाळेत येते की नाही, नाही तर का नाही. सात लेकरे निघाली. कुणी गॅरेजवर, कुणी भाजीच्या गाड्यावर, एक पोर लहान भावंडे सांभाळायला घरी. पाच परत आणली. दोन आणता आली नाहीत.

1 डिसेंबर 2021 पासून राज्याने लहान वर्गांनाही परवानगी दिली. मध्येच जानेवारीत तिसऱ्या लाटेने शाळा बंद झाल्या, मग पुन्हा उघडल्या. आमचा धाकटा पहिलीतून उठला होता, तो एकदम तिसरीत जाऊन बसला. सरकारने वरच्या वर्गात घातले, पण त्याला जोडाक्षर वाचता येत नव्हते. ‘धम्मचक्र’ हा शब्द त्याने ‘धम चक’ असा वाचला आणि लाजून पुस्तक मिटले. ज्यांच्याजवळ पैसा त्यांनी शिकवणी लावली. आम्ही विहारात संध्याकाळी सात ते साडेआठ वर्ग सुरू केला. मिलिंद महाविद्यालयात शिकणारी वस्तीतलीच दोन मुले शिकवायला आली. 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात ते कॉलेज काढले नसते, तर ही दोन मुले आमच्या वस्तीत कुठून असती?

थोरलीने जानेवारी 2022 मध्ये लस घेतली आणि मार्चमध्ये आपल्याच शाळेत बसून दहावीची परीक्षा दिली. अभ्यासक्रम कमी केलेला होता, लिहायला अर्धा तास जास्त होता. ती पास झाली. निकालाच्या दिवशी पेढा घेऊन आधी पडवीत गेली, आजीजवळ.

आता सगळे सुरळीत आहे. एका बाकावर तीन-तीन लेकरे बसतात आणि एकमेकांच्या डब्यातले खातात. पण साथ परत येणार नाही असे कुणी सांगावे? आली तर मास्क आणि साबण आपल्याला माहीत आहेत. त्याच्याबरोबर एक वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक लेकराचे नाव तिच्यात लिहा आणि शाळा ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन घरोघर जा. साथ नसली तरी या जूनमध्ये तेवढे कराच. आमची वही विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली ठेवलेली असते. तिच्या पहिल्या पानावर मागच्या गल्लीतल्या त्या पोरीचे नाव आहे.

जयभीम.