बहात्तर सेकंदांचा घोडा

"भाऊ, हा रुपया गियते, पन हालत काई नाई." बहिरमच्या यात्रेत पाळणे लावणारे एक काका फायबरचा जुना घोडा टेम्पोतून माझ्या अमरावतीच्या दुकानात घेऊन आले, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती. यात्रेला महिना उरला होता.

नाणं टाकलं की डुलणारा असा घोडा 1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जेम्स हाह्स यांनी बनवला, तोही आधी आपल्या मुलांसाठी. नाण्याने वेळ मोजण्याची युक्ती मात्र फारच जुनी. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात देवळासाठी पाण्याचं एक यंत्र लिहून ठेवलं आहे. नाणं पट्टीवर पडलं की त्याच्या वजनाने झडप उघडायची आणि ते घसरून जाईपर्यंत पाणी वाहायचं.

काकांच्या घोड्यात हे काम कॅम टायमर करतो. छोटी मोटर एक चकती फिरवते. चकतीच्या खाचेत स्विचची दांडी बसली की घोडा थांबतो, खाचेबाहेर निघाली की चालतो. एक फेरा म्हणजे एक रुपयाची सवारी. टायमरवर 60 हर्ट्झ लिहिलेलं होतं. अशी मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते आणि आपल्याकडे ती सेकंदाला 50 असतात. त्यामुळे साठ सेकंदांचा फेरा आपल्याकडे बहात्तर सेकंदांचा होतो. ती बारा सेकंदं मी तशीच ठेवली, लेकरांच्या वाट्याची आहेत ती.

रुपया गिळण्याचं कारण लगेच सापडलं. नाण्याची खाच 1980 च्या दशकातल्या सहा ग्रॅमच्या तांबे-निकेलच्या रुपयासाठी बसवलेली होती. खोटं लोखंडी नाणं अडवायला वाटेत चुंबक होता. तांबे-निकेल चुंबकाला चिकटत नाही, पण 1992 नंतरचा रुपया स्टीलचा, तो तिथेच अडकायचा. 2011 नंतरचा तर आणखी लहान झाला. चुंबक काढला, वाट नव्या मापाने बसवली.

मग मागचं झाकण उघडलं आणि हात थांबला. आधी कुणीतरी टायमरमधून फेजऐवजी न्यूट्रल तोडला होता. म्हणजे घोडा थांबला तरी मोटरच्या गुंडाळीत फेज उभाच. इन्सुलेशन कुठे सोललं, तर लोखंडी सांगाडाच जिवंत होणार. अर्थिंगची तार तर कापून टाकलेली. यात्रेतली ओली माती, अनवाणी पोर, त्याचा हात लोखंडी दांडीवर. अशी वायरिंग मला माफ करता येत नाही. सगळ्या तारा उपसल्या. फेज टायमरमधून नेला, सांगाड्याला अर्थिंग दिलं, करंट गळायला लागला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. नाण्याच्या खाचेला पोराचं बोट लागतं, म्हणून तिथे ट्रान्सफॉर्मरमधून फक्त 12 व्होल्ट दिले.

खरा विचार करावा लागला तो लाईट जाण्याचा. सवारी चालू असताना लाईट गेली, तर कॅमची चकती आहे तिथेच थांबते. राहिलेली सेकंदं ती विसरत नाही. साध्या इलेक्ट्रॉनिक टायमरच्या आठवणीत ती राहत नाहीत, त्यामुळे रुपया बुडतो. म्हणून जुना कॅम काढायला मी तयार नव्हतो. पण लाईट आली की हाच कॅम घोड्याला अचानक हलवतो, आणि तेव्हा लेकरू एक पाय खाली टाकून उतरत असलं तर?

शेवटी मध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या जोरावर धरून राहणारा स्विच, घातला. लाईट गेली की तो सुटतो आणि परत आली तरी आपणहून धरत नाही. काकांनी हिरवं बटण दाबलं, तरच धरतो. बटण कॅमच्या स्विचमागे ठेवलं, म्हणजे चकती खाचेत असताना ते दाबून काही होत नाही. नाण्याची टिचकी क्षणभराची असते, आणि चकतीला खाचेतून निघायला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यासाठी टिचकी दोन सेकंद धरणारा रिले लावला. टायमरची मोटरही कॉन्टॅक्टरच्या पुढेच जोडली, नाहीतर घोडा थांबलेला असताना वेळ संपत राहिला असता.

बहिरमला मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. एक पोरगी घोड्यावर होती आणि मधेच लाईट गेली. जनरेटर लागेपर्यंत तिची आजी तिला धरून उभी. उजेड आला, घोडा हलला नाही. काकांनी वाकून विचारलं, "धरलं का व माय घट्ट?" तिने दोन्ही हातांनी दांडी पकडली. मग त्यांनी बटण दाबलं, आणि चकती राहिल्या जागेवरून पुढे निघाली.