जागा देणे आहे

‘पुण्यात देव भेटेल, पण परवडणारी खोली भेटणार नाही,’ असे आमच्या गावचा एक माजी विद्यार्थी सांगे. आम्ही हसायचो. गेल्या जूनमध्ये मी आणि माझा मित्र बार्शीच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरलो आणि ते हसणे अंगाशी आले.

दोघांत मिळून महिना सहा हजार, एवढीच आमची झेप. सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठा पायी पालथ्या घातल्या. एजंट एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागे; मालक अनामत आणि अकरा महिन्यांचा करार सांगत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, हे मी वाचून आलो होतो. पण खोलीच नाही, तर कायदा टांगायचा कुठल्या खुंटीला?

शेवटी एका वाड्यात जिन्याखालची खोली दिसली. मालककाकांनी विचारले, ‘मांसाहार? मित्रमंडळी? रात्री किती वाजता येणार?’ आणि मग, ‘आडनाव काय?’ मी सांगितले. काका हसले. मित्राने सांगितले. काका छताकडे पाहू लागले. म्हणाले, ‘कळवतो.’

संध्याकाळी फोन आला, तो मला. ‘तुम्ही एकटे असाल तर या. त्यांचं जरा... घरात वडीलधारी माणसं आहेत.’

वाचकहो, मी तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणायला हवे होते. मी म्हणालो, ‘विचार करून सांगतो.’

‘कुणाचा फोन?’ मित्राने विचारले.

‘एजंटचा.’

तो शांतपणे म्हणाला, ‘खोटं कशाला बोलतोस? मला काय हे नवीन आहे?’

त्या रात्री लॉजच्या खाटेवर झोप आली नाही. सकाळी मी काकांना नकार कळवला. मित्राने आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते. एक रात्र मी विचार केला होता, हे त्याला ठाऊक होते.

आता आम्ही धनकवडीत राहतो. कॉलेज लांब पडते, बसला लोंबकळावे लागते, पाणी सकाळीच भरून ठेवावे लागते. इथल्या मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘भाडं पाच तारखेला मिळेल ना?’

करारावर दोघांचीही नावे आहेत. आडनावांसकट.