कर्नाळ्याचा हरियाल आणि आपला धर्मादा

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की पळस्पे फाटा मागे पडतो, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण गाव येते आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा आकाशात उभा दिसू लागतो. पनवेलपासून अंतर जेमतेम १२ किलोमीटर. कोकणाकडे निघालेल्या साधु-साध्वींच्या विहाराचाही हाच मार्ग. पनवेलच्या बाजारपेठेतील आपल्यापैकी अनेकांनी या सुळक्याखालून शेकडो वेळा ये-जा केली असेल. परंतु गाडी थांबवून आत शिरणारे थोडेच.

कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. आरंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरहूनही कमी होते. पुढे ते बारा चौरस किलोमीटरांपर्यंत वाढविण्यात आले. एवढ्याशा रानात दीडशेच्या आसपास जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. रानातील एका पायवाटेला ‘हरियाल’ असे नाव आहे. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो कबुतराचाच भाऊबंद. अंगावर हिरवी-पिवळी झाक, पाय हळदीसारखे पिवळे. मात्र कबुतराप्रमाणे तो चौकात उतरून दाणे टिपत नाही. तो क्वचितच जमिनीवर येतो. वड, पिंपळ, उंबर यांच्या शेंड्यावर बसून पिकलेली फळे खाणे, हाच त्याचा संसार.

येथे आपल्या वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट सहज येईल. वड, पिंपळ, उंबर ही पंच उदुंबर फळांतली नावे. त्यांत असंख्य सूक्ष्म जीव असतात, म्हणून श्रावकाने ती वर्ज्य मानली. आपण जी फळे सोडली, त्यांवरच हा पक्षी जगतो. त्यासाठी ज्वारीचे पोते कामाचे नाही. त्याला झाड हवे आणि त्या झाडाभोवती रान हवे.

पक्ष्यांविषयीची आपली करुणा जुनी आहे आणि ती दिखाऊ नाही. गावोगावचे चबुतरे, पाण्याची कुंडी, दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात चालणारे पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय, ही तिची साक्ष आहे. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ही भावना किती खोल आहे, हे साऱ्या मुंबईने पाहिले. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. म्हणणे इतकेच, की पक्ष्यांसाठी आपल्या घरांतून निघणारा पैसा बहुतांशी दाण्यावर खर्च होतो आणि दाणा खाणारे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. दाणा घालणे हे अन्नदान. रान राखणे हे अभयदान. आपल्या परंपरेने दानांमध्ये अभयदानाला सर्वांत वरचे स्थान दिले आहे.

पावसाळ्यात, चातुर्मासासाठी साधु-साध्वी एका स्थानी स्थिरावतात, त्याच दिवसांत कर्नाळ्याच्या मातीच्या दरडींत तिबोटी खंड्या बीळ कोरून पिले वाढवितो. हा पक्षी चिमणीएवढाच, पण निळ्या-केशरी रंगांचा दागिनाच जणू. तो मांसाहारी आहे, म्हणून त्याला मदत करावी का, असा प्रश्न कोणी करील. पिलांना काय भरवावे, हे पक्षी निसर्गनियमाने ठरवितो. त्याची दरड उकरली जाऊ नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे. अभय देताना आहार विचारण्याचे कारण नाही.

मग पैसा उभा कसा करावा? या कामात आपल्याला कोणाची शिकवणी लावण्याची गरज नाही. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ते एका दात्याच्या थैलीवर चालले नाही. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून मालावर लाग बसविला आणि उलाढालीबरोबर जीवदयेचा पैसाही वाहता राहिला. बिजकात ‘धर्मादा’ म्हणून वेगळी ओळ लिहिण्याची रीतही याच विचारातली. ग्राहकाकडून धर्मादा म्हणून वेगळी घेतलेली रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात दिला, हे जुन्या मुनीमांना आठवत असेल.

पक्ष्यांच्या कामाला दुकानाने आधार दिल्याचे उदाहरण मुंबईतही आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिला आरंभीच्या काळात आसरा मिळाला तो फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीत. त्याचा व्यापार मद्याचा होता, तेवढे आपण सोडून देऊ. जागा दिली, ही गोष्ट घ्यावी. त्याच पेढीत पाळलेला धनेश पक्षी पुढे संस्थेचे बोधचिन्ह झाला.

परदेशातील युक्त्याही आपल्या पेढीला मानवतील अशा आहेत. ब्रिटनमध्ये टोप्यांवर पिसे मिरविण्याच्या हौसेपायी पक्षी मारले जात, त्याविरुद्ध १८८९ साली काही स्त्रियांनी एक संस्था सुरू केली. आज ती तेथील मोठ्या पक्षिसंरक्षण संस्थांपैकी एक आहे. तिच्या दानपेट्या दुकानांच्या गल्ल्याशेजारी असतात. पेटीत नाणी टाकावीत आणि पक्ष्याच्या चित्राचा छोटा बिल्ला कोटावर लावण्यासाठी घ्यावा. याच संस्थेने लिफाफ्यांवरची वापरलेली टपाल तिकिटे लोकांकडून गोळा केली आणि ती विकून अल्बट्रॉस या सागरी पक्ष्याच्या रक्षणासाठी पैसा उभारला. टाकाऊ तिकिटाचाही हिशेब मांडणारी ही दृष्टी आपल्या बाजाराला परकी नाही.

पनवेलमध्ये काय करता येईल? पहिली गोष्ट पुठ्ठ्यांची. कापड, किराणा, भांडी, औषधे या साऱ्या दुकानांत माल येतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. दहा दुकानांचा मिळून आठवड्याला ३०० किलो पुठ्ठा निघाला आणि भाव किलोला १० रुपये धरला, तर वर्षाला १,५६,००० रुपये होतात. मात्र अनेक दुकानांत रद्दीचे पैसे कामावरच्या मुलांना चहापाण्यासाठी मिळतात. त्यांच्या तोंडचा घास काढून पक्ष्याला देणे ही दया नव्हे. मालकाने त्यांची रक्कम वेगळी द्यावी आणि मगच पुठ्ठा या कामाला लावावा.

दुसरी गोष्ट मुलांची. अमेरिकेत आणि युरोपात पक्षी मोजण्याच्या दिवशी नातलगांकडून दिसलेल्या प्रत्येक जातीमागे ठराविक रक्कम कबूल करून घेतात. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी पाठशाळेची मुले जाणकारांबरोबर कर्नाळ्यात गेली, त्यांना ४० जाती दिसल्या आणि २५ नातलगांनी जातीमागे १० रुपये कबूल केले असले, तर १०,००० रुपये जमतात. काका, मामा, आत्या यांच्याकडून रक्कम वसूल करण्यात आपली मुले कच्ची नाहीत. रक्कम लहान असली, तरी त्या मुलांना दयाळ, भृंगराज, हरियाल ही नावे आयुष्यभर पुरतील.

तिसरी गोष्ट घरच्या मंगलकार्यांची. लग्नात वा तपाच्या पारण्यानिमित्त जी प्रभावना वाटली जाते, तिच्यातील एक हिस्सा स्थानिक झाडांच्या रोपांसाठी ठेवता येईल. वड, पिंपळ, उंबर आपल्या गोदामांच्या कडेला आणि शेतघरांच्या बांधावर, भिंतीपासून पुरेशा अंतरावर लावावेत. अभयारण्याच्या बाहेर वाढलेले उंबराचे झाडही हरियालाला परके नाही.

चौथी गोष्ट बोलीची. पर्युषणात अनेक संघांत बोली होते. देवद्रव्याचा पैसा दुसरीकडे वळविता येत नाही, हा दंडक योग्यच आहे. परंतु जीवदयेचे खाते वेगळे असते. त्यातच ‘रानपक्षी’ असे पोटखाते उघडून त्याची एखादी बोली लावावी, असा विचार संघांनी महाराजसाहेबांच्या मार्गदर्शनाने करावा.

बँकेत हयात गेलेल्या माणसाने हिशेबाविषयी न बोलणे कठीण. अभयारण्य वनविभागाच्या ताब्यात आहे. तेथे कोणाच्या हाती परस्पर रोख रक्कम ठेवू नये. नोंदणीकृत संस्थेमार्फत आणि वनविभागाच्या संमतीने उन्हाळ्याआधी वणवा रोखणाऱ्या जाळरेषा, वनरक्षकांसाठी बूट-रेनकोट, पक्ष्यांच्या नियमित नोंदी अशी नेमकी कामे ठरवावीत. पावती घ्यावी. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, हेही ध्यानात ठेवावे. वर्षअखेर खर्चाचा कागद उपाश्रयाच्या फलकावर लावावा. हिशेब दिसला, की पुढच्या वर्षी मागावे लागत नाही.

आणखी एक जपावे. देणगी दिली म्हणून घरट्याजवळ गर्दी करण्याचा हक्क मिळत नाही. तिबोटी खंड्याच्या बिळासमोर छायाचित्रासाठी तासन्‌तास बसल्यास त्याची पिले उपाशी राहतात. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजविणे हीसुद्धा हिंसाच.

येत्या दिवाळीत चोपडापूजन होईल. ‘शुभ-लाभ’ लिहून झाल्यावर नव्या चोपडीत, किंवा आजच्या रीतीने संगणकात, एक खाते ‘कर्नाळा’ या नावाने उघडावे. आरंभी त्यात शंभर रुपये जमा असले तरी चालतील. जीवदया हा आपल्या घरांचा जुना व्यवहार आहे. त्यात आता दाण्याच्या शेजारी झाडाचीही ओळ लिहिली जावी, एवढीच विनंती.