आठवीच्या पुस्तकातलं वऱ्हाड

आठवीच्या इतिहासात डलहौसी येतो तेव्हा वऱ्हाड एका वाक्यात येऊन जातं. निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी राहिली, म्हणून कंपनीनं हा प्रांत त्याच्याकडून घेतला, एवढंच. मुलं सातारा, झाशी, नागपूर या नावांखाली पेन्सिलीनं रेघ ओढतात, कारण त्यांवर प्रश्न पडतो. वऱ्हाडाखाली रेघ नसते. धामणगाव रेल्वे या आमच्या गावात, ज्या जमिनीबद्दल ते वाक्य आहे त्याच जमिनीवर बसून ती पोरं ते वाचतात आणि पुढे जातात. इथे इतिहास शिकवायला लागले तेव्हापासून मला हे बोचत होतं.

एका वर्षी एका मुलीनं मात्र त्या वाक्यावर बोट ठेवलं. "मॅडम, मंग त्याच्या आंदी आपलं गाव कोनाचं होतं?"

निजामाचं, असं म्हणून मला पुढे जाता आलं असतं. पण खरं उत्तर त्याहून गुंतागुंतीचं आहे. १८५३ नंतरही कागदोपत्री वऱ्हाड निजामाचंच राहिलं. कारभार आणि वसुली इंग्रजांकडे गेली. १९०२ मध्ये कर्झननं ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. १९३६ च्या करारात इंग्रजांनीही निजामाचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे आमच्या मुलांच्या पणजोबांचा राजा एक, आणि सारा वसूल करणारा दुसरा. वर्ग चांगलाच बुचकळ्यात पडला. मला ते हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर फक्त तीन तारखा लिहिल्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ही तारीख सगळ्यांना पाठ होती. चारच दिवसांनी, २० एप्रिलला, डलहौसीनं हिंदुस्थानातल्या रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. इंग्लंडला कापूस हवा आहे, तो इथल्या आतल्या मुलखात पिकतो, बंदरापर्यंत आणायची सोय झाली की हवा तेवढा मिळेल, असा त्यातला एक मुद्दा आहे. आणि २१ मे ला वऱ्हाडाचा तह झाला. तिन्ही गोष्टी पाच आठवड्यांत.

"कापूस न्यायाचा होता म्हणून घेतलं!" मागच्या बाकावरून आवाज आला आणि अख्ख्या वर्गानं तो उचलून धरला.

मी त्यांना तिथेच थांबवलं. तारखा शेजारी बसल्या म्हणजे कारण सिद्ध होत नाही. निजामाकडची बाकी खरीच होती. फक्त ती कशाची होती ते पाहायला हवं. हैदराबाद कंटिन्जंट नावाची ती फौज निजामाच्या पैशानं उभी होती, अधिकारी इंग्रज होते आणि हुकूमही त्यांचाच चालायचा. कर्ज खरं, पण ते वाढलं कसं हा वेगळा प्रश्न. कापसाची हाव खरी, ती टिपणात लिहिलेली आहे. पण तहामागे तीच होती असं म्हणायला आणखी पुरावा लागेल. मुलं हिरमुसली, कारण त्यांना आपलं उत्तर आवडलं होतं. मला मात्र वाटतं, आवडलेलं उत्तर तपासून पाहायची ही खोड तेराव्या-चौदाव्या वर्षी लागली नाही, तर पुढे मोबाइलवर येणारा कोणताही इतिहास माणूस गिळून टाकतो.

पाठ्यपुस्तकात 'कच्चा माल इंग्लंडला जाऊ लागला' अशा अर्थाची वाक्यं वारंवार येतात. वर्षानुवर्षं मुलं ती लिहून गुण मिळवतात. एका मुलाचे वडील जिनिंगमध्ये कामाला. त्यानं विचारलं, "मॅडम, कच्चा माल म्हंजे रुईच ना?" मग तोच सांगायला लागला: सरकी वेगळी निघते, रुईची गाठ दाबतात, एका गाठीत १७० किलो भरतात. एरवी तोंड न उघडणारं हे पोरगं त्या दिवशी वर्गाला शिकवत होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईत भाव कडाडले आणि वऱ्हाडात पेरा वाढला, हे मग त्याच्या गाठीवरूनच पुढे सरकलं. रूळ नागपूरला पोचले १८६७ मध्ये. म्हणजे गाडी आमच्या भागातून धावू लागली तेव्हा तेजी ओसरली होती, भाव कोसळले होते. रेल्वे आली आणि भरभराट झाली, असं सरळ चित्र मुलांच्या डोक्यात असतं. ते मोडावं लागलं. ज्यांच्या घरी दर दिवाळीला भावाची चर्चा ऐकू येते, त्यांना ते मोडलेलं चित्र समजावून सांगावं लागलं नाही.

याच सुमारास एक पालक भेटायला आले. शांत, कष्टाळू माणूस. "मॅडम, हे पेपरात येते काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची पत्रिका ४० गुणांची. त्यात दहिहांडा नाही, कंटिन्जंट नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की पेपरात 'कारणे लिहा' असं येतं, आणि कारण काय असतं हे ज्याला घरच्या उदाहरणानं कळलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही. ते ऐकून गेले. पटलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

दहिहांड्याचं थोडक्यात सांगते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी मुलं हमखास विचारतात की समुद्र नाही तिथल्या लोकांनी काय केलं. पुस्तकात जंगल सत्याग्रह आहे, आणि तो आमच्या शेजारचाच: १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. पण वऱ्हाडात मीठसुद्धा झालं. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दहिहांड्याच्या बाजूला जुन्या काळी विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढत. तिथेच १९३० साली सत्याग्रह झाला. "माह्या मामाच्या गावचं पानी असंच खारं आहे," जिचा मामा दर्यापूरकडचा अशी एक मुलगी म्हणाली, आणि दांडी एकाएकी तिच्या मामाच्या विहिरीपर्यंत आली.

सगळ्यात अवघड तास आष्टीचा. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्ह्यातलं हे गाव. आज 'आष्टी शहीद' म्हणून ओळखतात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला. आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेले, गोळीबार झाला, गावातली माणसं पडली. मग चिडलेल्या जमावानं पोलिसांना मारलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ही गावं पेटली होती. महाराजांनाही त्या महिन्यात अटक झाली. आमच्याकडे घरोघरी ग्रामगीता आहे, त्यामुळे महाराज तुरुंगात होते हे ऐकूनच मुलं सावरून बसतात.

मी हुतात्म्यांबद्दल सांगत होते. तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "मॅडम, ते पोलीस काय इंग्रज होते काय?"

नव्हते. शिपाई आपल्याच मुलखातले, पगारासाठी नोकरी करणारे.

"मंग ते बी आपलेच होते ना?"

त्याचे काका पोलिसात आहेत, हे मला ठाऊक होतं. या प्रश्नाला बगल देणारी उत्तरं तयार असतात: ते सरकारचे नोकर होते, त्या काळी असंच होतं. मला ती द्यायची नव्हती. मी म्हटलं, होय, आपलेच होते. गोळी झेलणारेही आपले आणि ठाण्यात मेलेलेही आपले. परक्या राज्याची ताकद यातच असते की ते आपल्याच माणसांच्या हातात बंदूक देऊन आपल्याच माणसांसमोर उभं करतं. म्हणून आष्टीच्या लोकांचं धैर्य कमी ठरत नाही, आणि मेलेल्या शिपायाची बायको विधवा झाली हेही खोटं होत नाही. वर्गात वाद झाला. एकजण म्हणाला, त्यांनी नोकरी सोडायला पाहिजे होती. दुसरा म्हणाला, पोरांना काय खाऊ घातलं असतं? मी निकाल दिला नाही. पुढे फाशीच्या शिक्षा झाल्या तेव्हा त्या माणसांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी चळवळ उभारली आणि त्या शिक्षा अखेर जन्मठेपेत बदलल्या, हे सांगितलं. मग विचारलं: बाईंनी त्या वेळी सरकारपुढे काय बाजू मांडली असेल? ते निबंध माझ्याजवळ अजून आहेत.

राष्ट्राचा इतिहास मुलांना अभिमान वाटावा म्हणून शिकवायचा, असं अनेक सहकारी म्हणतात. अभिमान मलाही वाटतो, आष्टीचं नाव घेताना आवाज बदलतो. पण तो अभिमान अशा प्रश्नांना भिऊन असेल, तर तो मुलांना सांभाळता येणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वर्षाच्या शेवटी महाराष्ट्राची निर्मिती येते. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे, १ मे १९६०, मंगल कलश. इथे मी आणखी दोन कागद जोडते. एक १९५३ चा नागपूर करार, ज्यामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला होतं; दुसरा १९५५ चा फाजल अली आयोगाचा अहवाल, ज्यानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. या विषयावर घराघरांत मतं आहेत, तीही तावातावानं मांडली जाणारी. म्हणून मुलांना मी नेमून देते: ज्याला वेगळा विदर्भ हवा त्यानं संयुक्त महाराष्ट्राची बाजू लिहायची, आणि उलट. गुण कागदातल्या आधाराला. गेल्या खेपेला पेपराचं विचारून गेलेल्या त्याच पालकांचा मुलगा वहीत नागपूर करारातली कलमं उतरवून घेऊन आला. अक्षर वडिलांचं होतं. खाली त्यांनीच पेनानं विचारलं होतं: "यातलं कोन्तं कलम आजपर्यंत पाळलं, ते मॅडमनं वर्गात घ्यावं."

तो तास या आठवड्यात आहे.